बटाटेवडा आणि आलूबोंडा : एका पदार्थाची दोन नावे आणि मराठीचा प्रदेश

१

उकडलेल्या बटाट्याची फोडणी दिलेली भाजी, तिचा गोळा, त्यावर हरभऱ्याच्या पिठाचे आवरण आणि तेलातील तळण, एवढ्या कृतीला मुंबई-पुण्याकडे ‘बटाटेवडा’ म्हणतात व नागपूर-अमरावतीकडे ‘आलूबोंडा’. कृतीत घरोघरी थोडा फेर असतो. नावातील फेर मात्र प्रदेशागणिक ठरलेला आहे. यांपैकी पहिले नाव ‘शुद्ध मराठी’ आणि दुसरे ‘हिंदी वळणाचे’, असा समज सुशिक्षितांत आढळतो. हा समज भाषेच्या इतिहासावर टिकतो का, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी विद्यार्थ्याच्या वहीतील कोणता शब्द खोडावयाचा आणि कोणता ठेवावयाचा, याचा निर्णय अशाच समजांवर होत असतो.

२

प्रथम ‘बटाटा’. हा शब्द पोर्तुगीजांमार्फत मराठीत आला. त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेत असून तेथे त्याचा अर्थ रताळे असा होता. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो कंद दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीचा, आणि तेथील केचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’. युरोपात या दोन कंदांच्या नावांची सरमिसळ झाली आणि रताळ्याचे नाव बटाट्यास चिकटले. म्हणून जुन्या प्रवासवर्णनांत हा शब्द आला तरी तेथे बटाटाच अभिप्रेत आहे, असे गृहीत धरता येत नाही. पाव, काजू, अननस, कोबी हे शब्दही त्याच किनाऱ्याने आले. मराठी, कोकणी आणि गुजराती या पश्चिम किनाऱ्याच्या भाषांनी ‘बटाटा’ची रूपे स्वीकारली, हिंदी आणि बंगालीने ‘आलू’ पत्करले, तमिळने ‘उरुळैक्किळंगु’ म्हणजे गोल कंद, तर तेलुगूने ‘बंगाळादुंप’ म्हणजे बंगालचा कंद, अशी वर्णनपर नावे घडविली.

आता ‘आलू’. संस्कृतात ‘आलु’, ‘आलुक’ हे शब्द खाण्याजोग्या कंदांसाठी येतात. नवा कंद आला तेव्हा हिंदीने हा जुना शब्द त्याला दिला. मराठीत मात्र ही जागा रिकामी नव्हती. ‘आलु’पासून मराठीने ‘अळू’ केव्हाच घेतले होते, आणि ‘रक्तालु’पासून ‘रताळे’. अळूची पाने व कंद घरोघर खाल्ले जात असता तेच नाव दुसऱ्या कंदाला देणे गैरसोयीचे झाले असते. किनाऱ्यावरून आलेला परका शब्द मराठीत सहज रुजण्यास हेही एक कारण असावे.

गंमत अशी की ‘शुद्ध’ मानला गेलेला ‘बटाटा’ सातासमुद्रापलीकडचा आहे आणि ‘परका’ मानला गेलेला ‘आलू’ संस्कृत परंपरेतला. केवळ व्युत्पत्तीच्या आधारे मराठीपण ठरवावयाचे तर निकाल उलटा लागेल!

३

व्युत्पत्तीपेक्षा व्याकरणाची साक्ष अधिक बोलकी आहे. ‘बटाटा’ आकारान्त असल्याने ‘घोडा’प्रमाणे चालतो : बटाटे, बटाट्याचा, बटाट्यांना. त्याचे परकेपण रूपावलीत उरलेले नाही. ‘बटाटेवडा’ या समासात पूर्वपद अनेकवचनी आहे. ‘कांदेपोहे’, ‘कांदेनवमी’ ही त्याच घडणीची उदाहरणे. दुकानांच्या पाट्यांवर ‘बटाटावडा’ असेही दिसते, व त्याला ‘कांदाभजी’चा आधार आहे.

‘अळू’ आणि ‘आलू’ यांची तुलना याहून उद्बोधक आहे. अळूचे सामान्यरूप ‘अळवा-’ होते : अळवाचे फतफते, अळवाची भाजी. ‘आलू’ मात्र अविकृत राहतो : आलूचा, आलूची. ‘आलवाचा’ असे कोणी म्हणत नाही. एकाच मुळाचे हे दोन शब्द. पहिला मराठीच्या वाढीतून आलेला, दुसरा हिंदीच्या संपर्कातून मागाहून आलेला, हे रूपावलीच सांगते. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी व मराठी भाषकांच्या संयुक्त मध्य प्रांतात व नंतरच्या मध्य प्रदेशात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या संपर्काचे आश्चर्य वाटत नाही. शब्द उसना आहे एवढ्यावरून तो वैदर्भी बोलणाराचा नाही, असे मात्र ठरत नाही. ‘बटाटा’ही उसनाच आहे.

उत्तरपदांचाही विचार केला पाहिजे. ‘वडा’ संस्कृत ‘वटक’पासून आला. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ग्रंथात वटकांचे वर्णन आहे. म्हणजे नाव जुने, सारण नवे. ‘बोंडा’ हे नाव दक्षिणेकडील भाषांत तळलेल्या गोळ्यास रूढ आहे. कापसाच्या प्रदेशात ‘बोंड’ हा शब्द नित्याचा असल्याने ‘बोंडा’ तेथूनच निघाला असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु आकारसाम्य व ध्वनिसाम्य एवढ्यावर व्युत्पत्ती उभी करणे धोक्याचे असते.

साहित्यातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाच्या नावात भाजी नाही, चाळीच्या मालकाचे आडनाव आहे. ‘बटाटे’ या आडनावाचे आणि ‘बटाटा’ या भाजीचे सामान्यरूप एकच होत असल्याने ही कोटी साधते. मुळात परका असलेला शब्द मराठी रूपावलीत एवढा मुरला, म्हणूनच त्यावर मराठी विनोद उभा राहू शकला.

४

हा नकाशा वायव्येकडे नेला की प्रश्न वेगळे रूप घेतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी हे सातपुड्यातील बाजाराचे गाव. पश्चिमेस गुजरात, उत्तरेस नर्मदेपलीकडे गुजरात व मध्य प्रदेश. घरची बोली भिली कुळातील, शाळेची भाषा मराठी आणि बाजारात गुजराती व हिंदीचीही ये-जा. ग्रीअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) भिली बोली आणि खानदेशी यांचा एकाच भागात परामर्श घेतला. जनगणनेत भिली मराठीहून वेगळी मोजली जाते.

ज्वारी, मका, भगर आणि वनातील कंदमुळे यांवर पोसलेल्या या प्रदेशात बटाटा ही मुख्यतः बाजाराची वस्तू. ‘बटाटा’ येथे मराठी आणि गुजराती अशा दोन्ही वाटांनी पोहोचतो, ‘आलू’ हिंदीच्या वाटेने. त्यामुळे ‘बटाटा म्हणणारा मराठी आणि आलू म्हणणारा अमराठी’ ही विभागणी येथे लागू पडत नाही. अशा गावी खाद्यनामे गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात : घरात बोलताना येणारे नाव, बाजारात विकत घेताना येणारे नाव आणि शाळेत लिहिताना येणारे नाव. बोलणाराचे वय व लिंगही नोंदवावे. एकाच व्यक्तीकडून तीन नावे मिळाली तर त्यांतील एक खरे व दोन चुकीची, असे न मानता प्रत्येकाचा प्रसंग लिहावा. जंगलातील कंदांची नावेही याच ओघात विचारावीत. नव्या कंदाला जुन्या कंदाचे नाव मिळते की नाही, हा ‘आलू’च्या बाबतीत उद्भवलेला प्रश्न तेथेही विचारता येतो.

५

पदार्थाची सांस्कृतिक ओळख त्याच्या प्राचीनतेवर अवलंबून नसते. उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, साबुदाणा, शेंगदाणे आणि मिरची यांचे मूळ अमेरिका खंडात आहे. तरीही एकादशीला ते चालतात आणि येथे पूर्वापार पिकणारा गहू वर्ज्य ठरतो. वापराने वस्तू आपली होते आणि त्याच वापराने तिचे नावही.

यावरून अध्यापनापुरता एक निष्कर्ष काढता येतो. प्रमाण लेखनात ‘बटाटा’ शिकविणे योग्यच आहे. पण ‘आलूबोंडा’ लिहिणाऱ्या वैदर्भी विद्यार्थ्याच्या, किंवा घरचा शब्द लिहिणाऱ्या मोलगीच्या विद्यार्थिनीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढण्यापूर्वी तो कोठून आला हे तिला विचारावे. त्या उत्तरात मराठीच्या प्रदेशाचा एखादा तपशील हाती लागेल; रेघेने तो पुसला जाईल.