बर्लिनमध्ये ठरलेला नियम रेडीत पोहोचतो कसा

गोव्याच्या हद्दीजवळच्या, महाराष्ट्रातल्या रेडी गावात कुणाच्या छातीत दुखू लागलं की आधी शिरोडा, तिथे भागलं नाही तर सावंतवाडी, आणि प्रकरण गंभीर असेल तर बांबोळी, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. एवढ्या प्रवासात रुग्ण दोन-तीन डॉक्टरांच्या हाताखालून जातो आणि राज्याची हद्दही ओलांडतो. अलीकडच्या डॉक्टरची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, पलीकडच्याची बहुधा गोवा मेडिकल कौन्सिलकडे. तरीही रुग्णाला काय सांगायचं, त्याचं कोणतं गुपित जपायचं, कागदपत्रं कधी द्यायची याचे नियम दोघांनाही सारखेच आहेत. हे नियम देशाचे असले, तरी त्यांची नाळ जगभरच्या डॉक्टरांनी मिळून लिहिलेल्या एका संहितेशी जुळलेली आहे. ती संहिता बदलते कशी आणि बदल आपल्या दवाखान्यापर्यंत येतो कसा, हे रुग्णालाही ठाऊक असायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतल्या कैद्यांवर प्रयोग केले. न्यूरेंबर्गच्या खटल्यात ते उघड झालं, तेव्हा वैद्यकीच्या पेशावरचा विश्वासच हादरला. 1947 मध्ये पॅरिसला वर्ल्ड मेडिकल असोसिएशन स्थापन झाली. पुढच्या वर्षी तिने जिनिव्हात डॉक्टरांची प्रतिज्ञा मंजूर केली आणि 1949 मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय नीतिसंहिता. डॉक्टर शपथ घेतो ती प्रतिज्ञा. त्या शपथेमुळे रोजच्या कामात त्याच्यावर कोणती कर्तव्यं येतात, ते संहिता कलमवार सांगते. 1968, 1983 आणि 2006 मध्ये तिच्यात दुरुस्त्या झाल्या. सगळी संहिता नव्याने मांडली गेली ती मात्र ऑक्टोबर 2022 मध्ये, बर्लिनच्या सर्वसाधारण सभेत.

त्या सभेआधी चार वर्षं काम चाललं होतं. 2018 मध्ये निरनिराळ्या देशांच्या संघटनांचा एक कार्यगट नेमला गेला. जर्मन मेडिकल असोसिएशनचे रामिन पारसा-पारसी त्याचे अध्यक्ष होते. 2021 मध्ये मसुदा सर्वांच्या हरकती-सूचनांसाठी खुला केला. आलेल्या सूचना कार्यगटाने तपासायच्या, मसुदा सुधारायचा, मग तो नीतिविषयक समितीपुढे, तिथून कार्यकारी मंडळापुढे आणि शेवटी सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा, असा क्रम असतो. नीतीच्या दस्तऐवजाला साधं बहुमत पुरत नाही, तीन-चतुर्थांश मतं लागतात. म्हणून एखाद्या मुद्द्यावर अनेक देश अडून बसले, तर शब्द पुन्हा घासूनपुसून घ्यावे लागतात.

असाच अडलेला मुद्दा होता डॉक्टरच्या सदसद्विवेकाचा. कायद्याने परवानगी दिलेला उपचार, उदाहरणार्थ गर्भपात, डॉक्टरच्या मनाला पटत नसेल तर तो नकार देऊ शकतो का? नकार दिला, तर रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याची जबाबदारी त्याची का? या एका प्रश्नासाठी जुलै 2022 मध्ये जकार्त्यात वेगळी परिषद भरली. शेवटी ठरलं ते असं: रुग्णाला इजा होणार नसेल, भेदभाव होणार नसेल आणि रुग्णाची प्रकृती धोक्यात येणार नसेल, तरच नकार देता येईल. नकार ताबडतोब आणि आदराने सांगावा लागेल, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे वेळेत जाता येईल एवढी माहिती द्यावी लागेल.

इथे आपल्या देशाची नियमावली अधिक ठाम आहे, आणि माझ्या मते अधिक योग्यही. 2002 च्या भारतीय नियमांनुसार वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माचं कारण देऊन गर्भपात किंवा कुटुंबनियोजनाच्या उपचाराला नकार देता येत नाही. ते काम करण्याची पात्रता आपल्यात नाही असं डॉक्टरला वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. ‘दुसऱ्या डॉक्टरकडे जा’ हे मुंबईत एका गल्लीचं अंतर असतं. रेडीच्या बाईसाठी त्याचा अर्थ आणखी एक एसटी, बुडालेली मजुरी आणि घरी द्यावं लागणारं उत्तर असा होतो.

बर्लिनच्या संहितेत दूरस्थ उपचारांचाही विचार आहे: फोनवरून तपासणं वैद्यकीयदृष्ट्या योग्य असलं पाहिजे, त्याच्या मर्यादा रुग्णाला सांगायला हव्यात, त्याची संमती घ्यायला हवी. याबाबतीत भारताने आधीच पाऊल टाकलं होतं. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 रोजी, टेलिमेडिसिनचे नियम निघाले आणि 2002 च्या नियमावलीला जोडले गेले. मनात आणलं तर नियम किती लवकर बदलतो, ते त्या वेळी दिसलं.

एरवी वाट लांबची आहे. जागतिक संघटनेला भारतातल्या डॉक्टरला शिक्षा करता येत नाही. तिचं कलम देशाच्या नियामक संस्थेने आपल्या नियमांत घ्यावं लागतं. ही संस्था आधी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया होती, सप्टेंबर 2020 पासून नॅशनल मेडिकल कमिशन आहे. तक्रार ऐकून नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार राज्याच्या कौन्सिलला असतो. कमिशनने 2 ऑगस्ट 2023 रोजी नवी नियमावली जाहीर केली. जेनेरिक नावाने औषध लिहिण्याची सक्ती आणि औषध कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांना बंदी, यांवरून डॉक्टरांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला. 23 ऑगस्टला ती स्थगित झाली आणि 2002 चेच नियम पुन्हा लागू झाले. त्या नियमांसोबतच्या प्रतिज्ञेत गर्भधारणेपासून मानवी जीवनाचा आदर राखण्याचे शब्द अजून आहेत. जिनिव्हाच्या मूळ प्रतिज्ञेतून ते केव्हाच गेले. तिथे 2017 पासून रुग्णाच्या स्वायत्ततेचा उल्लेख आहे, आपल्याकडे नाही. इतकी महत्त्वाची सुधारणा तीन आठवड्यांत गुंडाळली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सक्तीबद्दल मतभेद असतील, पण त्यासाठी सगळी नियमावली बाजूला ठेवण्याची गरज नव्हती.

नवे नियम येईपर्यंत जुन्या नियमांत जे आपल्या हक्काचं आहे, ते तरी वापरा. दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या असतात. शिरोड्याहून बांबोळीला जाताना हेच कागद कामी येतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या. तक्रार करायची वेळ आलीच, तर डॉक्टरची नोंद ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कौन्सिलकडे करा. आणि नव्या नियमावलीचा मसुदा पुन्हा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा तो डॉक्टरांवर आणि औषध कंपन्यांवर सोडून देऊ नका. ग्रामपंचायतींनी आणि बचतगटांनीही आपलं म्हणणं लेखी कळवावं.