स्क्रीन काळी पडली तरी लॅपटॉप चालूच असतो

लिनक्स टाकून झालं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, कंपनीचं चिन्ह क्षणभर चमकलं आणि स्क्रीन काळी पडली. अशा वेळी बहुतेक जण सगळं पुसून पहिल्यापासून टाकायला बसतात. त्यानं फारसं काही साधत नाही, कारण तेच लिनक्स त्याच ग्राफिक्स कार्डाशी पुन्हा तिथंच अडतं. आधी शोधायचं ते हे, की सुरू होण्याच्या कोणत्या टप्प्यावर अंधार झाला.

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या पायथ्याशी धनेगाव आहे. तिथल्या एका शिक्षकमित्राच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. यंत्र जुनं, विंडोज 11 त्यावर चालणार नाही, आणि विंडोज 10 ची मोफत सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलेली. म्हणून त्यानं उबंटू हे लिनक्स टाकलं. दुसऱ्या पार्टिशनवर गावातल्या म्हाताऱ्यांकडून रेकॉर्ड केलेली गोंडी गाणी होती. कचारगडच्या गुहेत कोंडलेली काली कंकालीची 33 मुलं धर्मगुरू लिंगोनं सोडवली, अशी गोंडांची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला त्यासाठीच अनेक राज्यांतून माणसं इथं येतात. त्या कथेत हिरासुका पाटालीर हा वादक आहे आणि त्याच्या सुरांशिवाय कथा पुढे सरकत नाही. इथल्या माणसाला गाण्यांच्या फायली किती मोलाच्या वाटत असतील, ते यावरून कळेल.

"जय सेवा" असा नमस्कार झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, हा तर गेला वाटते."

मी आधी कॅप्स लॉकची कळ दाबली. कळीवरचा बारीक दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, जागा होता, कळांना उत्तर देत होता, फक्त चित्र बाहेर पडत नव्हतं. मग मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला तिरका लावून पाहिला. प्रकाशात पुसट अक्षरं किंवा खिडक्या दिसल्या, तर चित्र तयार होतंय आणि फक्त मागचा दिवा बंद आहे असं समजावं. मग ब्राइटनेसच्या कळा आणि बॅकलाइटची सेटिंग एवढंच तपासायचं उरतं. इथं टॉर्चखालीही काही नव्हतं. कंट्रोल, आल्ट आणि एफ-3 एकत्र दाबलं की एरवी अक्षरांचा साधा पडदा येतो आणि लॉगिन विचारतो. तो आला असता, तर बिघाड फक्त डेस्कटॉपच्या थरात आहे असं म्हणता आलं असतं. तोही आला नाही. दोष त्याही आधी, कर्नल ग्राफिक्स कार्ड ताब्यात घेतो त्या क्षणी होता.

आता ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. लॅपटॉपवर एकटं लिनक्स असलं की ग्रबचा मेनू लपलेला असतो. सुरू होताना कंपनीचं चिन्ह गेल्याबरोबर एस्केप दाबली की तो दिसतो. पहिल्या ओळीवर थांबून 'ई' दाबलं की सुरू होण्याच्या सूचना उघडतात. त्यात 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी लांब ओळ असते आणि तिच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' हे दोन शब्द. कर्नलचे संदेश तेच झाकून ठेवतात, म्हणून ते काढले आणि त्या जागी 'नोमोडसेट' लिहिलं. अर्थ एवढाच, की कर्नलनं कार्डाचं रेझोल्यूशन स्वतः ठरवायला जाऊ नये, फर्मवेअरनं दिलेल्या साध्या चित्रावर भागवावं. एफ-10 दाबलं. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि लॉगिनचा पडदा आला.

बरेच जण इथंच थांबतात, आणि ते मला पटत नाही. नोमोडसेटनं चित्र मिळतं, पण भरड. खिडक्या रेंगाळतात, ब्राइटनेस बदलत नाही, प्रोजेक्टर जोडला तर तो चालत नाही. शाळेत वापरायच्या लॅपटॉपला हे कसं चालेल? हा शब्द आत शिरण्यापुरता आहे. शिरल्यावर खरं काम म्हणजे नोंदी वाचणं.

उबंटू मागच्या वेळी सुरू होताना काय घडलं ते लिहून ठेवतं. त्या नोंदींत एकच नाव पुन्हा पुन्हा चुकांसह येत होतं : नूव्हो. एनव्हिडिया कार्डांसाठी स्वयंसेवकांनी, कार्डांच्या वागण्याचा माग काढत, लिहिलेला हा मुक्त ड्रायव्हर. मे 2022 मध्ये कंपनीनं कर्नलसाठीचा स्वतःचा भाग खुला केला, पण तो नव्या पिढीच्या कार्डांसाठी आहे, जुन्यांना त्याचा उपयोग नाही. ज्यांची कार्डं नवी आहेत त्यांनी कंपनीचा ड्रायव्हर टाकावा. सिक्युअर बूट चालू असेल तर पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा पासवर्ड विचारतो, तो घाईत वगळू नये. वगळला तर ड्रायव्हर चढतच नाही.

या लॅपटॉपात मात्र ग्राफिक्सचे दोन भाग होते, इंटेलचा आणि एनव्हिडियाचा. अशा बहुतेक यंत्रांत स्क्रीन इंटेलच्या भागालाच जोडलेली असते. म्हणजे सगळ्या ग्राफिक्सला अडवायचं कारण नव्हतं. नोमोडसेट काढलं आणि फक्त नूव्होचं मोडसेट शून्य करणारी सूचना लिहिली. यासाठी इंटरनेट लागत नाही, काही उतरवून घ्यावं लागत नाही. डोंगरालगतच्या गावात ही मोठी सोय आहे. स्क्रीन पूर्ण रेझोल्यूशननं उजळली, ब्राइटनेसच्या कळाही चालू लागल्या. ग्रबच्या मेनूत केलेला बदल एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून तीच सूचना ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ग्रब अपडेट केलं. एक तोटा राहिला : ड्रायव्हर नसला तरी एनव्हिडियाची चिप वीज खात राहू शकते आणि बॅटरी लवकर उतरते.

मग मित्रानं गाणी लिहून काढण्यासाठीचे नोटो फॉन्ट उघडून दाखवले. शेजारच्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये घडवलेली गोंडी लिपी 2017 पासून युनिकोडमध्ये आहे, आणि आदिलाबादकडची गुंजाळा लिपी 2018 पासून. दोन्ही लिप्यांचे फॉन्ट फुकट मिळतात. गाणी तो आधी देवनागरीत उतरवणार आहे, आणि सोबत मसराम लिपीत. जुन्या लॅपटॉपवर हे काम आरामात होतं.

वाचकांना एवढंच सांगणं. लिनक्स टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच ते चालवून पाहा, पडदा तिथंच काळा पडला तर आधीच कळेल. आणि तो पेनड्राइव्ह नंतर पुसू नका. लॅपटॉप अडला तरी त्यावरून सुरू करून डिस्कवरच्या फायली बाहेर काढता येतात.