मोड (जुन्या धातूची विक्री)

मोड म्हणजे वापरातून बाद झालेली आणि वितळवून पुन्हा उपयोगात आणण्यासाठी वजनावर विकली जाणारी धातूची वस्तू. मराठीत हा शब्द मुख्यतः तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्यांसाठी वापरला जातो. लोखंड, पत्रा, तारा व यंत्रांचे भाग यांना सामान्यतः भंगार म्हणतात. निरुपयोगी ठरवणे या अर्थाचा ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार याच व्यवहाराशी निगडित आहे. मोडीची किंमत वस्तूच्या घडणावळीवर नव्हे, तर धातूचा प्रकार, शुद्धता व वजन यांवर ठरते. या तिन्ही बाबींची माहिती बहुधा विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याकडे अधिक असते. त्यामुळे वाजवी किमतीचा प्रश्न केवळ भावाच्या घासाघिशीचा नसून वर्गीकरण आणि वजन यांचाही आहे.

भाव कसा ठरतो

तांबे, ॲल्युमिनियम, जस्त व शिसे यांच्या भावांवर १८७७ मध्ये स्थापन झालेल्या लंडन मेटल एक्सचेंजमधील दरांचा प्रभाव असतो. भारतात मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्सचेंजमध्ये या धातूंचे वायदे होतात. हे दर नव्या, शुद्ध धातूचे असतात. मोडीचा भाव त्याहून कमी असतो, कारण त्यातून वर्गीकरण, वाहतूक, वितळवण्याचा खर्च, वितळवताना होणारी घट आणि प्रत्येक टप्प्यावरील नफा वजा होतो. फेरीवाला, गावातील भंगार दुकानदार, मोठा साठेदार आणि भट्टी अशी ही साखळी असते. ती जितकी लांब, तितका मूळ विक्रेत्याचा वाटा कमी होतो.

लोखंडाच्या भावावर वाहतुकीचा परिणाम विशेष जाणवतो, कारण त्याचे वजन जास्त आणि किलोमागे किंमत कमी असते. उलट थोड्याशा तांब्याची किंमतही मोठी असल्याने ते दूरच्या बाजारात नेणे परवडते.

ओळख व वर्गीकरण

पहिली परीक्षा लोहचुंबकाची असते. साधे लोखंड, पोलाद व बीड चुंबकाला चिकटतात. तांबे, पितळ, कासे, ॲल्युमिनियम, शिसे व जस्त चिकटत नाहीत. पितळी दिसणारी वस्तू चुंबकाला चिकटल्यास ती पितळेचा मुलामा दिलेले लोखंड असण्याची शक्यता असते. स्वयंपाकघरातील बरेचसे स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही. मात्र निकेलचे प्रमाण अधिक असलेले महाग स्टील आणि कमी असलेले स्वस्त स्टील यांतील फरक चुंबकाने कळत नाही.

दुसरी परीक्षा रंगाची. कानशीने एखाद्या कोपऱ्यावर घासल्यास तांब्याची लाली आणि पितळेची पिवळी झाक स्पष्ट दिसते. तिसरी परीक्षा घनतेची. दर घन सेंटिमीटरला ॲल्युमिनियम सुमारे २.७ ग्रॅम, लोखंड ७.९, तांबे ९ आणि शिसे ११.३ ग्रॅम भरते.

एकाच धातूतही प्रती असतात. आंतरराष्ट्रीय व्यापारात त्यांना सांकेतिक नावे आहेत. चकचकीत, आवरणरहित तांब्याच्या तारेला ‘बार्ली’, दुसऱ्या प्रतीच्या तारेला ‘बर्च’, पिवळ्या पितळेच्या मोडीला ‘हनी’ आणि ॲल्युमिनियमच्या मिश्र ओतकामाला ‘टेन्स’ म्हणतात. कल्हई केलेल्या किंवा डाक दिलेल्या तांब्यात कथील व शिसे मिसळलेले असल्याने त्याला शुद्ध तांब्याचा भाव मिळत नाही. तारेवरील प्लॅस्टिक जाळल्यास विषारी धूर होतो आणि काळवंडलेल्या तांब्याची प्रतही उतरते. म्हणून आवरण सोलून काढणे हिताचे ठरते.

उदाहरण : पाणी तापवण्याचा बंब

वर्गीकरणाचा परिणाम एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होतो. ११ किलो वजनाच्या एका जुन्या बंबात ८.४ किलो तांबे, ०.६ किलो पितळी तोटी, १.५ किलो लोखंडी जाळी व झाकण आणि ०.५ किलो क्षार आहेत, असे मानू. तांब्याचा भाव किलोला १०० एकक, पितळेचा ६५ आणि लोखंडाचा ५ असल्यास भाग सुटे करून ८४० + ३९ + ७.५ = ८८६.५ एकक मिळतात. तोच बंब अखंड स्वरूपात पितळेच्या भावाने दिल्यास ७१५ एकक मिळतात. जवळजवळ पाचवा हिस्सा केवळ भाग सुटे न केल्यामुळे जातो.

वजन

भाव जास्त सांगून वजनात कमी धरणे हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. भाव ४ टक्के अधिक, पण काटा १० टक्के कमी दाखवणारा असेल, तर विक्रेत्याला प्रत्यक्षात ६.४ टक्के कमी रक्कम मिळते. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार व्यापारातील वजनकाट्यांची पडताळणी व मुद्रांकन बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यांसाठी ही पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे असते. शंका असल्यास ग्राहकाला या यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करता येते.

मोड आधी घरी वजन करून नेणे, काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का हे पाहणे आणि वजन ज्ञात असलेली वस्तू ठेवून काटा तपासणे, हे सोपे उपाय आहेत. मोठ्या मालासाठी भरलेल्या व रिकाम्या वाहनाचे वजन एकाच भुईकाट्यावर करून दोन्ही पावत्या घेतल्या जातात. माती, रंग, गंज यांपोटी ‘घट’ वजा केली जात असल्यास तिचे प्रमाण वजनाआधी ठरवणे इष्ट असते.

रत्नागिरी जिल्ह्यातील परिस्थिती

कोकणातील जुन्या घरांत बंब, हंडे, घागरी, तपेली व समया यांच्या रूपाने तांबे-पितळ साठलेले असते. घर पाडताना किंवा वाटणीनंतर ही भांडी मोडीत निघतात. मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदरांत जुनी इंजिने, तांबेयुक्त मिश्रधातूंचे पंखे आणि जाळ्यांची शिशाची वजने हा निराळा माल तयार होतो.

खारी हवा आणि दीर्घ पावसाळा यांमुळे उघड्यावरचे लोखंड झपाट्याने गंजते. कोरड्या लोह ऑक्साइडमध्येही लोखंड सुमारे ७० टक्केच असते. म्हणून गंजलेल्या मालाला कमी भाव मिळतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीजवळील मिऱ्या किनाऱ्यावर अडकलेले बसरा स्टार हे जहाज पुढे अनेक वर्षे लाटांचा मारा खात तेथेच राहिले. समुद्रकाठी पोलादाचे काय होते, याचे ते ठळक उदाहरण आहे.

जिल्ह्याबाहेरील बाजारांत कोल्हापूरचे ओतकाम कारखाने बीड व लोखंड वितळवतात, तर जालन्यातील पोलाद कारखाने भंगारापासून सळया बनवतात. तांब्या-पितळेची मोठी बाजारपेठ मुंबईत आहे. या ठिकाणच्या भावातून वाहतूकखर्च वजा केला, की स्थानिक भाव कितपत वाजवी आहे याचा अंदाज येतो. दोन-तीन दुकानदारांकडून धातूनिहाय भाव एकाच दिवशी घेतल्यास तुलना अधिक नेमकी होते.

कायदेशीर बाबी

वस्तू व सेवा कर व्यवस्थेत १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यावर कर भरण्याची जबाबदारी आहे. व्यवसायाच्या ओघात नसलेली घरगुती विक्री साधारणपणे या कराच्या कक्षेत येत नाही.

जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. मुदत संपलेली वाहने नोंदणीकृत केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते आणि वाहनाची नोंदणी रद्द करता येते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे विक्रेत्याची ओळख नोंदवणारी पावती दोन्ही पक्षांच्या हिताची असते.

मोड न करण्याजोग्या वस्तू

शंभर वर्षांहून जुनी, कलात्मक किंवा ऐतिहासिक महत्त्वाची धातूची वस्तू १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकते. ताम्रपट, कोरीव मूर्ती वा जुनी नाणी वजनावर विकल्यास धातूचे पैसे मिळतात. लेख मात्र भट्टीत कायमचा नष्ट होतो. सुस्थितीतील जुन्या भांड्यांनाही वापरायची वस्तू म्हणून मोडीपेक्षा अधिक किंमत येऊ शकते.

हे सुद्धा पहा

तांबट
कासार
कल्हई
पुनर्चक्रीकरण
मिरकरवाडा