विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाकडे काय मागितलं?

विद्यापीठाच्या ग्रंथालयातली सूचना-वही चाळायला घेतली की त्याच त्या मागण्या पुन्हा पुन्हा भेटतात. वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवा. नेमलेल्या पुस्तकाच्या दोनच प्रती आहेत, परीक्षेच्या तोंडावर एकही हाती लागत नाही. कपाटांपर्यंत जाऊ द्या, पुस्तक चाळून निवडायचं आहे. पंखा बंद आहे, खुर्ची मोडकी आहे, पिण्याचं पाणी दोन मजले खाली आहे. अलीकडच्या पानांवर वाय-फायची आणि चार्जिंगच्या प्लगची भर पडलेली असते. अशा नोंदी किरकोळ तक्रारींत जमा होतात आणि ग्रंथालय समितीच्या बैठकीत शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलल्या जातात. गेल्या शंभर वर्षांकडे वळून पाहिलं तर मात्र लक्षात येतं, की आपल्या विद्यापीठ-ग्रंथालयांत जे जे चांगलं घडलं, ते याच तक्रारींच्या वाटेने घडलं आहे.

हा मागोवा मद्रासपासून सुरू करावा लागतो. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने शियाली रामामृत रंगनाथन यांना आपले पहिले ग्रंथपाल म्हणून नेमलं. ते गणिताचे अध्यापक होते. ग्रंथालयात कुणी फारसं फिरकत नसे, आणि त्या शांततेला कंटाळून ते पुन्हा वर्गात परतायच्या विचारात होते. त्याआधी त्यांना प्रशिक्षणासाठी लंडनला पाठवण्यात आलं आणि तिथे त्यांचा विचार बदलला. कामगार, बायका, शाळकरी मुलं अशा सगळ्यांची वर्दळ असलेली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी तिथे पाहिली. परतल्यावर त्यांनी मद्रासची कपाटं वाचकांना खुली केली, ग्रंथालय उघडं ठेवायच्या वेळा वाढवल्या आणि वाचकाला हवं ते शोधून द्यायला जाणकार माणूस असलाच पाहिजे असा आग्रह धरला.

१९३१ साली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपाने आली. आज या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती पाठ असतात. पुस्तक वापरासाठी आहे, हे त्यातलं पहिलं. ऐकायला अगदी साधं. पण या सूत्राचं विवेचन करताना रंगनाथन कशाकशाबद्दल बोलतात ते पाहावं. ग्रंथालयाची जागा कुठे आहे, ते किती वेळ उघडं असतं, बसायला काय आहे आणि तिथली माणसं कशी वागतात, हेच ते चार मुद्दे. ग्रंथालयाची वेळ आणि मोडकी खुर्ची या दोन्ही गोष्टी भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्याच सूत्राखाली येतात. सूचना-वहीत खुर्चीबद्दल लिहिणाऱ्या मुलीने रंगनाथन वाचलेले नसतील, पण ती त्यांचाच मुद्दा मांडत असते.

पुढच्या आयोगांनीही वेगळं काही सांगितलं नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने पुरेसं वार्षिक अनुदान, मुक्तद्वार पद्धत (कपाटं वाचकांना खुली ठेवणं) आणि वाढीव वेळ यांची शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये खुद्द रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातला साडेसहा ते दहा टक्के भाग ग्रंथालयावर खर्च व्हावा असं म्हटलं. म्हणजे साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तज्ज्ञांचं सगळं सांगून झालं होतं.

तरीही कपाटांची कुलपं निघायला फार वेळ लागला. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकलेल्या पिढ्यांना चिठ्ठीची पद्धत चांगली आठवत असेल. कार्डांच्या खणांत बोटं काळी करत बोधांक शोधायचा, चिठ्ठीवर लिहायचा, देवघेवीच्या खिडकीत द्यायचा आणि वाट पाहायची. आत गेलेला शिपाई बऱ्याच वेळाने परत येई आणि पुस्तक जागेवर नाही असं सांगे. जागेवर नाही म्हणजे कुणी नेलंय, चुकीच्या फडताळात गेलंय की हरवलंय, हे कळायला मार्ग नसे. शेजारच्या पुस्तकावर सहज नजर पडून त्यातून नवा विषय सापडण्याचा आनंद या पद्धतीत मिळणंच शक्य नव्हतं. संशोधनाची सुरुवात पुष्कळदा अशाच सहज नजरेतून होते, म्हणून मला हे नुकसान सगळ्यांत मोठं वाटतं.

कुलूप का निघत नव्हतं, हेही समजून घ्यायला हवं. त्यामागे ग्रंथपालांचा दुष्टपणा नव्हता, हिशेबाची भीती होती. पुस्तक दाखल-नोंदवहीत चढलं की ती सरकारी मालमत्ता. वर्षाअखेरीच्या मोजणीत ते सापडलं नाही तर जाब ग्रंथपालाला. निवृत्तीच्या वेळी हरवलेल्या पुस्तकांचा प्रश्न निघण्याची धास्ती घेऊन कितीतरी सज्जन ग्रंथपालांनी नोकऱ्या केल्या. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनी यावर एक समंजस तोड काढली आहे. वर्षभरात वाचलेल्या आणि घरी दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली, तर ते नुकसान वाजवी धरावं. फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. एवढी एक तरतूद प्रत्येक विद्यापीठाने आपल्या नियमांत ठळकपणे लिहून ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवली असती, तर कुलपं वीस वर्षं आधी निघाली असती असं मला वाटतं. विद्यार्थी मुक्तद्वार मागत होते. ते देणाऱ्याला आधी अभय हवं होतं.

पुस्तक आहे की नाही, बाहेर गेलंय की आत आहे, या प्रश्नाचं उत्तर शेवटी संगणकाने दिलं. १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र-संस्थेच्या छत्राखाली विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणारा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प सुरू झाला आणि १९९६ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. विद्यापीठांच्या ग्रंथसूची एकत्र येऊ लागल्या, ‘सोल’ नावाची संगणकप्रणाली महाविद्यालयांपर्यंत पोचली, २०१० नंतर ‘शोधगंगा’वर प्रबंध सगळ्यांना खुले झाले. दुसऱ्या विद्यापीठातला एक प्रबंध पाहण्यासाठी ज्यांनी रात्रभराचा एसटीचा प्रवास केला आहे, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

वेळेची मागणी मात्र संगणकाने सुटणारी नव्हती, आणि तिच्या वाट्याला सगळ्यांत कडवट दिवस आले. २०१६ च्या मे महिन्यात बनारस हिंदू विद्यापीठात ग्रंथालय चोवीस तास उघडं असावं या मागणीसाठी विद्यार्थी उपोषणाला बसले. त्यांतल्या काहींना निलंबित करण्यात आलं. वाचायला जास्त वेळ द्या असं म्हणणारा विद्यार्थी शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरावा, ही गोष्ट आजही मनाला बोचते.

त्याआधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयातल्या पदवीच्या विद्यार्थिनींनी विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात प्रवेश मागितला होता. पदव्युत्तर वर्गातल्या मुलींना तो होता, यांना नव्हता. मुली आल्या तर मुलांची गर्दी चौपट होईल, जागा पुरणार नाही, अशा अर्थाचं उत्तर कुलगुरूंकडून आलं आणि देशभर त्यावर टीका झाली. विद्यार्थिनींसाठी त्यांच्या महाविद्यालयात वेगळं ग्रंथालय आहे, असंही विद्यापीठाचं म्हणणं होतं. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायालयाने या मुलींना प्रवेश द्यायला सांगितलं. जागा कमी आहे ही अडचण खरी असू शकते. पण अपुऱ्या जागेची झळ कुणी सोसायची, हे ठरवताना मुलींकडे बोट दाखवणं मान्य होण्यासारखं नव्हतं.

अलीगढच्या या प्रसंगाला महाराष्ट्रात सौम्य जोड आहे. वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत उघडा असतो आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक त्याच्या कितीतरी आधी बंद होतं, असं चित्र आपल्याकडच्या अनेक आवारांत दिसतं. वाढीव वेळेची सूचना मान्य झाली म्हणून समाधान मानायचं, तर त्या वेळेचा लाभ निम्म्या वाचकांना मिळतच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ अहवालाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं होतं, की सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या हालचालींवर जादा बंधनं घालू नयेत. ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे, रात्रीची बस आणि फाटकाची वेळ या तिन्ही गोष्टी ग्रंथालयाच्या वेळापत्रकाचाच भाग आहेत.

उशिरापर्यंत ग्रंथालय उघडं ठेवायचं तर माणसं लागतात, आणि आपल्या सरकारी विद्यापीठांत रिकाम्या पदांची भरती वर्षानुवर्षं रखडते. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं पुस्तकं जागेवर लावतात, देवघेवीला बसतात, वाचनकक्ष सांभाळतात. त्यांच्या जिवावर कितीतरी ग्रंथालयांची संध्याकाळ निभते. त्यांचं मोल मोठं आहेच, पण प्रशिक्षित ग्रंथालय-कर्मचाऱ्याची जागा त्यांनी कायमची भरून काढावी ही अपेक्षा चुकीची आहे.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या मागण्यांचा प्रवास त्या मानाने आशादायक आहे. छापील पुस्तकाची ऐकता येईल किंवा ब्रेलमध्ये वाचता येईल अशी प्रत करण्याला २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातल्या दुरुस्तीने मोकळीक दिली. अशा प्रती करणं आणि देशोदेशी पाठवणं सोपं करणाऱ्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सगळ्यांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये अशा पुस्तकांचं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेलन केलर कक्ष आहे. मात्र कायदा झाला म्हणून पुस्तक स्कॅन होत नाही. प्रत्येक ग्रंथालयात एक चांगला स्कॅनर, पडदावाचक प्रणाली आणि ती वापरून द्यायला एक नेमलेला माणूस हवा. मराठी अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी प्रणाली जुन्या छपाईपुढे अजून अडखळते, आणि मराठी माध्यमातल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचं काम तिथेच थांबतं.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे ग्रंथालयांची दारं बंद झाली आणि मागण्यांचा सूर एका रात्रीत बदलला. घरून लॉगिन मिळावं, ही एकच मागणी सगळीकडून येऊ लागली. नियतकालिकांची वर्गणी विद्यापीठाने भरलेली होती, पण अनेक ठिकाणी ती फक्त आवारातल्या जाळ्यावर उघडत होती. गावी अडकलेल्या संशोधकाला स्वतःच्या विद्यापीठाने विकत घेतलेला लेख वाचता येत नव्हता. दूरस्थ प्रवेशाची सोय तांत्रिकदृष्ट्या आधीपासून होती. संकट आलं तेव्हाच ती घाईने पोचवली गेली.

गर्दीचा प्रश्न अजून तसाच आहे. वाचनकक्षातल्या खुर्च्यांवर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी सकाळपासून जागा धरतात आणि एम.ए.च्या विद्यार्थ्याला बसायला मिळत नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. ही मुलंही विद्यार्थीच आहेत. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत दरमहा पैसे मोजून अभ्यासिकेत जागा घेणं त्यातल्या अनेकांना परवडत नाही, म्हणून ती विद्यापीठात येतात. दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करण्यापेक्षा संदर्भग्रंथांचा वाचनकक्ष आणि स्वतःची पुस्तकं घेऊन बसायची अभ्यासिका अशा दोन वेगळ्या जागा करणं हाच मला यातला न्याय्य मार्ग दिसतो. काही ग्रंथालयांनी तो स्वीकारलाही आहे.

आणि मराठीचं काय? पदवीपर्यंत मराठीतून शिकून पदव्युत्तर वर्गात आलेली मुलं वर्षानुवर्षं एकच गोष्ट लिहीत आली आहेत: या विषयावरचं मराठी पुस्तक आणा. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने एका काळी अर्थशास्त्रापासून विज्ञानापर्यंतची विद्यापीठीय पुस्तकं मराठीत आणली. त्यांतली कितीतरी आज पिवळ्या पडलेल्या जुन्या आवृत्तीतच मिळतात. जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड हात लावला की तुकडे पडतील अशा अवस्थेत आहेत आणि त्यांची डिजिटल प्रत करण्याची सूचना कुठल्याही मराठी विभागाच्या विद्यार्थ्याला नवीन नाही.

संशोधन-नियतकालिकांची वर्गणी देशपातळीवर एकत्र भरणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि लाभार्थी म्हणून केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. नियतकालिकांसाठी वर्षानुवर्षं लिहिल्या गेलेल्या मागणीला मिळालेलं हे फार मोठं उत्तर आहे. पण महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांची, म्हणजे या योजनेबाहेरची आहेत, आणि नियतकालिकांच्या यादीत आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या इंग्रजी नियतकालिकांचंच प्राबल्य आहे. योजनेचा सध्याचा निधी २०२७ अखेरपर्यंतचा आहे. पुढच्या टप्प्याची आखणी सुरू होईल तेव्हा खासगी अनुदानित महाविद्यालयं आणि भारतीय भाषांतली संशोधन-नियतकालिकं हे दोन मुद्दे विद्यार्थ्यांनी आणि ग्रंथपालांनी एकत्र सही करून विद्यापीठामार्फत दिल्लीला पाठवले पाहिजेत, आणि त्याची तयारी याच वर्षी सुरू करायला हवी.