खडे वेचणाऱ्या प्रोग्रामची परीक्षा

वाचकहो, आपला भंडारा हा धानाचा जिल्हा. सुपात तांदूळ घेऊन खडे वेचायचे कसे, हे आपल्या घरातील लेकरांनाही ठाऊक असते. संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडेही असेच एक सूप आहे. त्याला लिंटर म्हणतात. तुमसर, पवनी, साकोलीकडची आपली मुलेमुली आज संगणक शिकत आहेत. त्यांच्या आईवडिलांनाही हे काम कळावे, म्हणून आम्ही ते येथे मांडत आहोत.

१९७८ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी 'लिंट' हा प्रोग्राम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेली तूस. ती झटकावी, तशा लिखाणातल्या चुका झटकायच्या.

संगणकाच्या मेमरीत दोन जागा असतात. स्टॅक म्हणजे ताटांची चळत. वर ठेवले, वरूनच उचलले. हीप म्हणजे कोठार. तेथे मोकळी जागा शोधा, नोंद ठेवा, काम संपले की जागा रिकामी करा. तीन ताटांसाठी दर वेळी कोठार उघडले तर वेळ फुकट जातो. असे लाखो वेळा झाले की प्रोग्राम मंदावतो, आणि त्याची झळ स्वस्त मोबाईलवाल्याला आधी बसते.

रस्ट या भाषेची पहिली पक्की आवृत्ती २०१५ साली आली. तिच्या 'क्लिपी' या लिंटरमध्ये 'यूसलेस व्हेक' असा नियम आहे. ठरलेल्या तीन आकड्यांसाठी कोणी हीपवर यादी केली, तर तो सांगतो, साधा ॲरे पुरेल.

पण या सुपाची परीक्षा कोण घेणार? त्यासाठी मुद्दाम खडे टाकलेला छोटा प्रोग्राम लिहितात. कोणत्या ओळीवर कोणता इशारा यावा, हे वेगळ्या फाईलमध्ये असते. प्रत्यक्ष इशारे त्याच्याशी ताडून पाहतात. फरक पडला की चाचणी नापास.

चांगला तांदूळही त्यात हवाच. यादीत पुढे भर पडणार असेल, किंवा यादी फार मोठी असेल, तर हीपच योग्य. तेथे लिंटरने गप्प बसले पाहिजे. उगाच ओरडणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. मग खरा खडाही दाताखाली येतो.

क्लिपी मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे. भंडाऱ्यात बसूनही अशी चाचणी लिहून पाठवता येते. आपल्या मुलामुलींनी हे जरूर करून पाहावे.