भंडाऱ्याचा पिवळा

मराठी संस्कृतीत पिवळ्या रंगाला मिळालेला मान मुळात रंगाचा नसून हळदीचा आहे, आणि हे ध्यानात घेतले म्हणजे तोच रंग लग्नघरात मंगल, तर काविळीच्या रोग्याच्या डोळ्यांत अशुभ का ठरतो, याचा उलगडा होतो. नवरीला लागलेली हळद काय किंवा गळून पडणारे पान काय, दोन्हींच्या छटा जवळपास सारख्या असू शकतात. लोकमानस विचारते ते एवढेच, की हा पिवळेपणा आला कोठून.

हळदीला रंग येतो तो कर्क्युमिन या द्रव्यामुळे. हा रंग उन्हात टिकत नाही, पण क्षाराशी गाठ पडताच लाल होतो. कपड्यावर सांडलेल्या वरणाच्या डागाला साबण लावला की तो तांबडा होतो, तो याचमुळे. जुन्या पद्धतीचे कुंकूही लिंबाचा रस आणि टाकणखार यांची हळदीवर प्रक्रिया करून तयार होई, म्हणजे हळदीकुंकवाच्या करंड्यातील दोन्ही रंग एकाच कंदाचे.

या पिवळ्याचे सर्वांत भरघोस रूप जेजुरीला दिसते. खंडोबाला वाहिल्या जाणाऱ्या हळदीच्या पुडीला भंडारा म्हणतात. सोमवती अमावास्येला किंवा चंपाषष्ठीला तो मुठी-मुठींनी उधळला जातो, तेव्हा पायऱ्या, दीपमाळा आणि माणसे एकाच रंगात न्हाऊन निघतात, आणि ‘सोन्याची जेजुरी’ हे शब्द अतिशयोक्तीचे वाटत नाहीत. देवाचे उपासक असलेले वाघ्ये हाच भंडारा व्याघ्रचर्माच्या पिशवीत बाळगत आणि भक्तांच्या कपाळी लावत. त्याचे काम मात्र शोभेपुरते नाही: बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ मोडणे हे मराठी समाजात मोठे पाप समजले जाई, म्हणजे हा रंग साक्षीलाही उभा राहत असे.

साहित्यात संतांनी पिवळा रंग विठ्ठलाच्या पीतांबरात पाहिला, आणि त्यांच्या रूपवर्णनांत तो इतक्या वेळा येतो की पुढे त्याचा साचाच बनला. त्या साच्याबाहेरचा पिवळा अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’त सापडतो. १९७६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळवणाऱ्या या संग्रहातील एका छोट्या कवितेचा विषय आहे पिवळे फुलपाखरू. ज्या गावी दगडादगडाला कथा चिकटलेली, तेथे कवीने या फुलपाखराला एकही पुराणकथा दिलेली नाही, आणि भाविकाच्या दृष्टीने न लिहिलेल्या या संग्रहात जेजुरीचा रंग तेथेच सर्वांत निर्मळ उतरला आहे. (‘पीत पत्रकारिते’तील पिवळा मात्र अमेरिकेहून आलेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत गाजलेल्या व्यंगचित्रातील पिवळ्या अंगरख्याच्या पोराशी त्याचे नाते आहे, हळदीशी नाही.)

मान पदार्थाचा असल्यामुळे भेसळीचा प्रश्न येथे केवळ ग्राहकाचा राहत नाही. हळदीत मिसळला जाणारा मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग खाद्यपदार्थांत वापरण्यास भारतात मनाई आहे, आणि भंडारा तर कपाळाबरोबर जिभेवरही ठेवला जातो. तेव्हा देवाला वाहायची हळद घेताना, ती उधळायचीच आहे असे न म्हणता, स्वयंपाकघरात चालेल अशीच घ्यावी.