चोच, चाक आणि साडीगार्ड

ॲडव्हेंचर टूरिंग बाइक लांबूनच ओळखू येते. हेडलाइटखाली पुढे आलेली चोच, उभी काच, रुंद हँडल, मुठींवर कवच, उंच सीट आणि मागे चौकोनी पेट्या. दसऱ्याला प्रभादेवीच्या गल्ल्यांत ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये झेंडूची माळ अडकवायला सगळ्यात सोयीची जागा या चोचीचीच असते. या रूपाबद्दल दोन मतं ऐकू येतात, दोन्ही सारख्याच ठामपणे. एक, हा सगळा नट्टापट्टा आहे. दादर टीटीच्या सिग्नलला उभं राहायला वाळवंटातल्या गाडीचं सोंग कशाला? दुसरं, अशी दिसणारी गाडी डोंगर, ओढे, खड्डे काहीही पार करणारच, नुसतं बघूनच कळतं. दोघांचीही चूक एकाच जागी आहे. दोघंही गाडीकडे एकसंध चित्र म्हणून बघतात. प्रत्यक्षात हे रूप वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी जमत गेलेल्या भागांचं आहे. त्यातले काही भाग आजही काम करतात, काहींचं काम संपलं तरी ते मागे राहिले आणि काही तर पहिल्यापासून शोभेचेच. कामाचे भाग बहुतेक टाकीच्या खाली असतात आणि शोरूममध्ये गिऱ्हाइकाची नजर टाकीच्या वर असते.

या जातीची सुरुवात सहसा बीएमडब्ल्यूच्या १९८० सालच्या आर ८० जी/एस या मॉडेलपासून धरतात. त्या गाडीचा फोटो आज काढून बघितला तर पहिली गोष्ट खटकते ती म्हणजे तिला चोचच नाही. साधा गोल दिवा, त्यावर छोटंसं आवरण, चाकापासून बरंच वर बसवलेलं मडगार्ड, बाकी सगळी उघडी यंत्रणा. ही गाडी गाजली ती पॅरिस-डाकार शर्यतीमुळे. डिसेंबर १९७८ मध्ये पहिल्यांदा निघालेली ही शर्यत सहारा ओलांडून सेनेगलला पोचायची. १९८१ मध्ये युबेर ओरिओलने ती बीएमडब्ल्यूवर जिंकली. वाळवंटात पेट्रोल कुठे मिळणार, म्हणून टाक्या फुगत गेल्या. १९८४ मध्ये बीएमडब्ल्यूने ३२ लिटरची टाकी असलेली पॅरिस-डाकार आवृत्तीच विकायला काढली. म्हणजे पुढून जडशीळ, खांद्यात रुंद असा जो अवतार आज भारदस्त म्हणून आवडतो तो मुळात पेट्रोलच्या हिशेबातून आला. रॉयल एनफिल्डच्या पहिल्या, ४११ सीसी हिमालयनची टाकी १५ लिटरची होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना नळ्यांची चौकट दिली होती. ती चौकट अनेकांना अर्धवट राहिलेल्या कामासारखी दिसली. पण गाडी आडवी झाली तर पहिला मार तिनेच खायचा आणि जादा पेट्रोलचे कॅनही तिलाच लटकवायचे, अशी ती सोय होती. २०१६ मध्ये या गाडीला ‘ओबडधोबड’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. मला ती आपल्याकडच्या या गटातली सगळ्यात प्रामाणिक दिसणारी गाडी वाटते. तिच्यावर नुसत्या दिसण्यासाठी बसवलेला भाग शोधावा लागतो.

आता चोच. ‘चोच असल्याशिवाय ॲडव्हेंचर बाइक नाही’ हा समज इतका पक्का आहे की कंपन्याही तो मोडायला धजत नाहीत. मोटोक्रॉसच्या गाड्यांना मडगार्ड उंच असतं, कारण चाक आणि मडगार्ड यांच्यात चिखल भरला तर चाक अडकतं. सुझुकीने १९८८ मध्ये डीआर बिग बाजारात आणली तेव्हा हे मडगार्ड पुढच्या आवरणाशी जोडून त्याला आजच्या चोचीचा आकार आला. पाच-सहा वर्षांनी बीएमडब्ल्यूने आर ११०० जीएसला चोच दिली आणि मग ती घराण्याची खूणच झाली. मात्र उंच, रुंद मडगार्डला महामार्गाच्या वेगात वारा धरतो आणि हँडल हलकं पडतं. म्हणून लांबच्या प्रवासासाठी केलेल्या गाड्यांत, २००४ च्या आर १२०० जीएसमध्ये तर स्पष्टच, चाकाला लागून एक वेगळं मडगार्ड आलं आणि चोच वर तशीच राहिली. चिखल अडवायचं काम खालच्याने घेतलं. वरचीकडे ओळख पटवण्याचं काम उरलं. आपल्याकडे चोचीवर किंवा तिच्या आसपास नंबरप्लेट बसते, एवढा उपयोग आहेच! तेव्हा एखाद्या गाडीला चोच आहे यावरून ती चिखलात जाईल की नाही याबद्दल काहीच ठरत नाही. तिचं खरं मडगार्ड टायरपासून किती वर आहे, मध्ये बोटं जातात की मूठ, हे वाकून बघितल्याशिवाय ते कळणार नाही.

उंचीबद्दलचा गैरसमज जास्त नुकसान करतो, कारण त्यापायी लोक गाडी घेतात किंवा सोडतात. उंच गाडी म्हणजे मोठं इंजिन, मोठी ताकद, असं धरलं जातं. हिरोची एक्सपल्स २०० घ्या. दोनशे सीसीचं इंजिन, वजन १५४ किलोच्या आसपास, पण सीट ८२३ मिलिमीटरवर आणि जमिनीपासूनचं अंतर २२० मिलिमीटर. तेवढंच अंतर ४११ सीसीच्या हिमालयनला होतं आणि तिची सीट उलट खाली, ८०० वर. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची २०२० ची आवृत्ती बघा: सीट सगळ्यांत उंच, ८५५, पण पोटाखालचं अंतर २००. सीटची उंची आणि पोटाखालची जागा एकमेकींच्या बरोबरीने चालत नाहीत आणि दोन्हींचा सीसीशी तर अजिबात संबंध नाही. उंची येते ती मुख्यतः सस्पेंशनला वरखाली व्हायला दिलेल्या जागेमुळे. ४११ च्या पुढच्या शॉकअपला २०० मिलिमीटर आणि मागच्याला १८० मिलिमीटर प्रवास होता. एवढी जागा दिली की इंजिन वर जातं, इंजिनासोबत माणूसही. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मग पाच फूट चार इंचांच्या माणसाने ही गाडी घ्यायचीच नाही का? गास्तों राये हा बेल्जियन स्वार बुटका होता. अवाढव्य टाकीच्या बीएमडब्ल्यूवर त्याचे पाय धड जमिनीला टेकत नसत; तरी १९८४ आणि १९८५ ची डाकार त्यानेच जिंकली. अर्थात तो १२५ सीसी मोटोक्रॉसचा तीनदा झालेला विश्वविजेता होता आणि वाळवंटात सिग्नल नसतात. सेनापती बापट मार्गावर टॅक्सी अचानक थांबली की एक पाय टेकवावाच लागतो. म्हणून आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धंच. एक पाय पूर्ण टेकला आणि गाडी वजनाला झेपली की पुरतं. दोन्ही टाचा जमिनीला लागल्याच पाहिजेत हा हट्ट बुलेट-यझदीच्या सवयीतून आलेला आहे.

सगळ्यात कमी बघितला जाणारा आणि सगळ्यात जास्त सांगणारा भाग म्हणजे पुढचं चाक. त्याचा व्यास जितका मोठा, तितकं ते खड्ड्याच्या काठावर कमी आपटतं आणि सहज चढून जातं. हिमालयन आणि एक्सपल्स यांना पुढे २१ इंची चाक आहे ते यासाठी. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सला आणि २०२० च्या केटीएमला १९ इंची आहे. ते खडकाळ वाटेवर थोडं कमी पडतं, पण खंबाटकीच्या वळणावर गाडी पटकन झुकते आणि सावरते. २०११ पासून चौपदरीकरणात अडकलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर दोन्हींना आपापला वाव आहे. चाक तारांचं की मॅकव्हीलचं, यावर तर कट्ट्यावर वाद रंगतात. ‘तारांची चाकं जुनाट दिसतात’ असं म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं की जोराच्या आदळ्याला तारा लवचीक राहतात, आणि रिम वाकली तरी बऱ्याचदा ठोकून, तारा आवळून काम भागवता येतं. ओतीव मॅकव्हीलला तडा गेला की तो संपला. उलट बाजूने, ‘तारांचं तेच अस्सल’ म्हणणारे हे विसरतात की साध्या तारांच्या रिमला भोकं असतात, त्यामुळे टायर ट्यूबलेस बसत नाही. वडखळच्या पुढे रात्री पंक्चर झालं तर ट्यूबलेसवाला चिकटपट्टीसारखा प्लग ठोकून, हवा भरून निघतो आणि तारांवाला चाक खोलत बसतो. हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली ती ट्यूबचीच. तारांचं पण ट्यूबलेस चाक भारतात पर्याय म्हणून मिळायला २०२४ उजाडलं. केटीएमचं उलटं झालं. मॅकव्हीलवर गाडी विकली आणि मागणी आली म्हणून २०२३ मध्ये तारांची आवृत्ती आणली. टायरच्या नक्षीचंही तेच. मोठमोठ्या ठोकळ्यांचा टायर दिसायला मर्दानी, पण ओल्या काँक्रीटवर आणि पेव्हर ब्लॉकवर ठोकळ्यांमधल्या मोकळ्या जागेने पकड कमीच होते. म्हणून कंपन्या मधली नक्षी देतात. हिमालयन ४५० ला येणारे टायर सीएटचे आहेत, ज्यांचं मुख्यालय प्रभादेवीला लागून वरळीत आहे; जून ते सप्टेंबर तिथल्या रस्त्यांची काय अवस्था असते हे कुणी सांगायला नको.

या कसोटीवर सोंग लगेच उघडं पडतं. होंडाने ऑगस्ट २०२१ मध्ये सीबी२००एक्स आणली. काच, मुठींवरची कवचं, फुगीर अंगलट, सगळं जागच्या जागी. पण चाकं पुढेमागे दोन्ही १७ इंची, जमिनीपासून अंतर १६७ मिलिमीटर, आणि इंजिन-सांगाडा हॉर्नेट २.० चा. ही वाईट गाडी नव्हे. ताठ बसून दिवसभर चालवायला पाठीला बरी आहे. फक्त तिचा चेहरा जे बोलतो ते तिचे पाय बोलत नाहीत. याच न्यायाने नकलेच्या आरोपाकडेही बघावं लागतं. महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सने जानेवारी २०२२ मध्ये यझदी ॲडव्हेंचर दाखवली तेव्हा ‘ही तर हिमालयनच’ अशी ओरड झाली. टाकीच्या बाजूची चौकट, गोल दिवा, छोटी काच, २१ इंची पुढचं चाक. यातलं चाक गरजेतून सारखं झालं असं म्हणता येईल, कारण त्या कामाला तोच व्यास लागतो. चौकट मात्र गरजेतून नव्हे, बाजारातून सारखी झाली. टाकी वाचवायचे दुसरेही मार्ग आहेत. तेव्हा आरोप निम्मा खरा. पण त्यात नवं काही नाही, कारण चोच तरी बीएमडब्ल्यूची स्वतःची कुठे होती?

आपल्या गाडीच्या रूपात एक भर मात्र अस्सल देशी आहे आणि ती कुठल्याही जाहिरातीत ठळक दिसत नाही: साडीगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण हवंच. युरोपात विकली जाणारी तीच गाडी मागून मोकळी, सडपातळ दिसते. चाकणहून पुण्या-मुंबईच्या शोरूमला येणारी डाव्या बाजूला जाळी घेऊन येते. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात ती जाळी काढून माळ्यावर टाकायची हा शिरस्ताच झाला आहे. ‘ती शोभेची आहे, काढली तर काय बिघडतं’ हा या लेखातला बहुधा सगळ्यात धोकादायक गैरसमज. या गाड्यांचं मागचं चाक मोठं, उघडं आणि सीटपासून लांब असतं. ओढणी किंवा पदर त्यात जायला भरपूर जागा मिळते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, तो भाग वेगळाच. गंमत अशी, की ज्या गाडीवरून शोभेची चोच कुणी काढत नाही, तिच्यावरचा कायद्याने सांगितलेला, रोज काम करणारा भाग आधी उतरतो.

शेवटचा आक्षेप मुंबईकराचा आणि तो वजनदार आहे. कीर्ती कॉलेजमागच्या चौपाटीवरून सी-लिंक समोर दिसतो, पण दुचाकीला त्यावर मज्जाव. कोस्टल रोडवर तेच, अटल सेतूवर तेच, पुणे द्रुतगती मार्गावर तेच. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला तोही अटल सेतूला जोडणाऱ्या रस्त्यासाठी. मग ‘टूरिंग’ करायचं कुठे? उत्तर असं, की या बंदीमुळेच प्रभादेवीच्या स्वाराच्या वाट्याला येतात ते जुने रस्ते: बोरघाटातून जाणारा जुना महामार्ग, पेणनंतरचे खड्डे, कोकणातल्या लाल मातीच्या आडवाटा, दिघी-आगरदांड्यासारख्या फेरीबोटी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोमध्ये बाइक चढवता येते, हाही मार्ग २०२० पासून आहे. अशा रस्त्यांसाठी लवचीक सस्पेंशन आणि मोठं पुढचं चाक उपयोगीच. ज्यांचा उपयोग नाही त्या म्हणजे दोन्ही बाजूंच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या, निदान शहरात तरी. २००४ च्या ‘लाँग वे राउंड’ मालिकेत इवान मॅग्रेगर आणि चार्ली बुअरमन लंडनहून न्यूयॉर्कला पेट्या लादलेल्या बीएमडब्ल्यूवर गेले आणि तेव्हापासून पेट्यांशिवाय गाडी अपुरी वाटू लागली. हँडलपेक्षा पेट्या रुंद असल्या की हँडल निघालं म्हणून गाडी निघेल असं होत नाही. दादरच्या फुलबाजारात हातगाडी आणि टेम्पोच्या मधून काढताना हे पटकन कळतं. कापडी बॅगा दौऱ्याला जाताना बांधाव्यात आणि आल्यावर सोडून ठेवाव्यात. बॅगा अडकवायचा स्टँड मात्र हलकासा निवडावा, कारण तो गाडीवर बाराही महिने राहतो आणि त्याचं वजन मागच्या चाकाच्याही मागे, म्हणजे हँडलला सगळ्यात जास्त जाणवेल अशा जागी पडतं.